वाचनालयात नुसतं बसून वाचायलाही सभासद कार्ड हवं का?

कृष्णाकाठ
आमच्या तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. येत्या वार्षिक सभेत ठराव येतोय की वाचनकक्षात बसायलाही सभासद कार्ड लागेल. त्यासाठी अनामत, फोटो आणि आधारची झेरॉक्स द्यायची, आणि आत बसून पुस्तक मागितलं तर त्याचीही नोंद कार्डावर व्हायची. आजवर पुस्तक घरी न्यायचं असेल तरच वर्गणी होती. दारावर 'मुक्तद्वार वाचन विभाग' अशी पाटी आहे आणि पेपर वाचायला कुणीही येऊन बसतं. माझा या ठरावाला ठाम विरोध आहे.

सकाळी कक्ष उघडतो तेव्हा कोण येतं ते बघा. रात्रपाळी उरकून आलेला एटीएमचा वॉचमन, एसटीला तासभर वेळ आहे म्हणून टेकलेली माणसं, जाहिरातींच्या पानावरून भरतीच्या तारखा वहीत उतरवून घेणारी पोरं. यातलं कुणी फॉर्म भरत बसणार नाही. भांडणारही नाही. यायचं बंद होईल, एवढंच.

वाचनालय १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालये कायद्याखाली अनुदान घेतं. पैसा लोकांचा आहे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. जिथे ग्रंथालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या. वाचकाला दारात थांबवून कागद मागणं हे त्या परंपरेच्या अगदी उलट आहे.

जुना ग्रंथपाल
तळमळ पोचली, पण काउंटरच्या या बाजूने बघा. मी या कामात उभी हयात घातली आहे. दिवाळी अंकातलं शब्दकोडं ब्लेडने कापून नेतात. पाककृतींची पानं तर अंक टेबलावर आला त्याच दिवशी जातात. शोकेसमधला कोश एकाने 'जरा बघतो' म्हणून घेतला, तो परत आलाच नाही. विचारणार कुणाला?

आणि जागा? स्पर्धा परीक्षेची मुलं दार उघडताच स्वतःची पुस्तकं घेऊन बसतात, जेवायला जाताना खुर्चीवर सॅक ठेवून जातात. सत्तरीचे लोक उभ्याने पेपर वाचतात.

अनुदानाचं म्हणाल तर २०२२मध्ये ६० टक्के वाढ झाली हे खरं, पण सगळ्यात खालच्या 'ड' वर्गाच्या वाचनालयात त्यावर कर्मचाऱ्याचं घर चालत नाही. कर्नाटकात, तामिळनाडूत ग्रंथालयासाठी मालमत्ता करावर उपकर आहे. आपल्या कायद्यात तो नाही. वर्गणीदार टिकले तर वाचनालय टिकेल.

मोगरा
मी ठरावाच्या बाजूने आहे. कारण पैसा नाही. दुपारी कक्षात बायका फार थोड्या असतात. समोरच्या खुर्चीवर बसून एकटक बघत राहणारा माणूस मी अनुभवला आहे. तक्रार केली तर 'कोण होता, माहीत नाही' हे उत्तर मिळालं. नाव असतं तर दुसऱ्या दिवशी त्याला दारात अडवता आलं असतं.

कृष्णाकाठ
मोगराताई, तुमचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो. पण त्या माणसाला त्याच वेळी उठवायला हवं होतं, आणि तो अधिकार ग्रंथपालाला आजही आहे. कार्डवाला सभासदही टक लावून बघू शकतो.

सायली_सोलापूर
मी बाई आहे आणि ठरावाच्या विरोधात आहे. कॉलेजात असताना मी विशेष विवाह कायदा वाचनालयात बसून वाचला. १९५४चा कायदा, त्यातली तीस दिवसांची नोटीस, ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, हे सगळं मला तिथेच कळलं. त्या पुस्तकापुढे माझं नाव लिहिलं गेलं असतं तर संध्याकाळपर्यंत घरी समजलं असतं. छोट्या गावात क्लार्क वडिलांच्या ओळखीचाच असतो. आजार, घटस्फोट, धर्म, राजकारण, कशाबद्दलही माणसाला आधी गुपचूप वाचून घ्यायचं असतं. काय वाचलं याची वही ठेवायची वाचनालयाला गरजच काय?

मोगरा
पुस्तकाची नोंद नको, हे मान्य. मी फक्त आत कोण आलं याबद्दल बोलत होते.

घाटमाथा
महाबळेश्वरजवळच्या भिलारचं उदाहरण कुणी दिलं नाही. ४ मे २०१७ला 'पुस्तकांचं गाव' सुरू झालं. लोकांच्या घरांत, ओसरीवर कपाटं आहेत. मी गेलो तेव्हा एका घरात चरित्रांच्या कपाटापाशी तासभर बसलो, कुणी नाव विचारलं नाही. आजीबाई अंगणात धान्य पाखडत होत्या. मी उठलो तसं त्यांनी एकदा कपाटाकडे बघितलं, बस.

जुना ग्रंथपाल
भिलारमागे सरकार उभं आहे आणि प्रत्येक कपाटाला घरचं माणूस आहे. आमच्याकडे एक ग्रंथपाल, एक शिपाई. शिपाई बँकेत गेला की हॉल उघडाच.

कृष्णाकाठ
सर, म्हणजे कमी आहे ती माणसाची, कार्डाची नाही! झेरॉक्सच्या गठ्ठ्याने कापलेलं पान परत येणार नाही. आणि त्या आधारच्या प्रती ठेवणार कुठे? आज जुनी रजिस्टरं जिन्याखाली पडली आहेत.

खुर्च्यांचा प्रश्न मात्र खरा आहे, तो वेगळा सोडवू. स्वतःची पुस्तकं आणून दिवसभर बसणाऱ्यांसाठी मागची खोली अभ्यासिका करा, तिला नोंदणी आणि मासिक शुल्क ठेवा. मुलं देतील, शहरात याच्या कितीतरी पट देतात. त्या पैशात अर्धवेळ मदतनीस ठेवता येईल. पेपर-मासिकांचं टेबल कार्डाशिवाय खुलं राहू दे.

जुना ग्रंथपाल
टेबलाला माझी हरकत नाही. कोश आणि जुने दिवाळी अंक मात्र कार्डाशिवाय हातात देणार नाही. काही अंकांची दुसरी प्रत जिल्ह्यात नाही.

सायली_सोलापूर
दुर्मीळ अंकांचं पटतं. कायद्याची, आरोग्याची पुस्तकं त्यात ढकलू नका.

कृष्णाकाठ
उपसूचना अशी मांडतो: दुर्मीळ अंक आणि कोश कार्डावर, बाकी सगळं बसून वाचायला खुलं, कुठल्याही पुस्तकापुढे वाचकाचं नाव नको, आणि अभ्यासिकेला शुल्क. मोगराताईंसाठी आणखी एक: तक्रार वही, आणि गैरवर्तन करणाऱ्याला कक्षात बंदी घालायचा लेखी नियम. सभेत मत सभासदांनाच आहे, आणि वॉचमन सभासद नाही. म्हणून ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांनी सभेआधी ती भरून या.