जुन्या घराच्या ओसरीतील निळ्या-पांढऱ्या फरशा न फोडता कशा काढाव्यात?

प्रश्न (सदाशिव पेठ, पुणे)
आमचे आजोळचे घर दिवाळीनंतर पुनर्विकासासाठी पाडले जाणार आहे. ओसरीच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या चिनीमातीच्या फरशा असून त्यांवरील निळी वेलबुट्टी चार-चार फरशा जोडल्यावरच पूर्ण होते. छिन्नी लावली तर निम्म्या फुटतील, असे ठेकेदार म्हणतो. आजी त्या रोज ओल्या फडक्याने पुसत असे, त्यामुळे त्या राडारोड्यात जाव्यात हे मला सहन होणार नाही. खालच्या दोन ओळींची झिलई पोपड्यांसारखी सुटते आहे, ती कशामुळे?

उत्तर १
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत मी बरीच वर्षे काम करीत आहे. जमिनीतून भिंतीत चढणाऱ्या ओलीबरोबर क्षार येतात, झिलईखाली त्यांचे स्फटिक होतात आणि ते झिलई वर उचलतात. तो भाग खरवडू नका; पाण्याने सुटणाऱ्या खळीने त्यावर मलमलीचा तुकडा चिकटवून घ्या. प्रत्येक फरशीला क्रमांक द्या आणि भिंतीचे समोरून छायाचित्र घ्या, कारण क्रम हरवला की नक्षीही हरवते. फरशा चुन्यात बसविलेल्या असतील तर आशा चांगली आहे. सिमेंट मात्र फरशीला सोडत नाही. घर पाडायचेच आहे, तेव्हा फरशीच्या कडेवर घाव घालण्याऐवजी भिंतीच्या मागच्या बाजूने एकेक वीट उतरवीत यावे. यांत्रिक हातोडा तेथे अजिबात नको. काढलेल्या फरशा स्वच्छ पाण्यात, पाणी पुन्हापुन्हा बदलत, अनेक दिवस भिजवून क्षार काढा. आम्ल वापरू नका.

उत्तर २
पणजीच्या मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात पोर्तुगीज महाकाव्यातील प्रसंग रंगविलेल्या अशाच निळ्या फरशा आहेत. त्या पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासो यांच्या. पोर्तुगालमधील पोर्तो शहराच्या साओ बेंतो रेल्वे स्थानकातील सुमारे २०,००० फरशांचे कामही त्यांचेच. कथिलाच्या अपारदर्शक पांढऱ्या झिलईवर कोबाल्टचा निळा भट्टीच्या उष्णतेतही टिकतो, हे या रंगाच्या आवडीमागचे एक मोठे कारण आहे. लिस्बनच्या फरशी-संग्रहालयात १७५५च्या भूकंपापूर्वीच्या त्या शहराचे सुमारे २३ मीटर लांबीचे फरशीचित्र जपलेले आहे. तेव्हा मूळची भिंत गेली तरी फरशा दुसरीकडे नांदू शकतात.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आज एका निखळलेल्या फरशीमागे नखाने खरवडून पाहिले, तर पांढरी भुकटी हाती आली. म्हणजे चुनाच आहे. मागच्या खोलीचा गिलावा आधी काढू आणि रविवारी क्रमांक घालायला बसू.