प्रगत इंग्रजीच्या परीक्षेत व्याकरणाचे वेगळे प्रश्न हवेत कशाला?

अनुस्वार (धागालेखक)

इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना मी पुण्यात शिकवतो. कोणाला परदेशी विद्यापीठात प्रवेश हवा असतो, तर कोणाला तिथल्या रुग्णालयात नोकरी. त्यांतले काही जण केंब्रिजची 'सी-वन ॲडव्हान्स्ड' ही परीक्षा देतात. तिच्यात वाचन आणि 'यूज ऑफ इंग्लिश' (म्हणजे व्याकरण व शब्दसंपदा) यांची मिळून ९० मिनिटांची, ५६ प्रश्नांची एकच प्रश्नपत्रिका असते. गाळलेले शब्द भरणे, दिलेल्या शब्दापासून योग्य रूप घडवणे यांसारख्या प्रश्नांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. माझा आक्षेप आहे तो वाक्याच्या पुनर्रचनेला. एक वाक्य आणि एक शब्द दिलेला असतो. तो शब्द जसाच्या तसा ठेवून, तीन ते सहा शब्दांत, तोच अर्थ दुसऱ्या वाक्यात आणायचा असतो.

माझ्या एका विद्यार्थ्याने सरावाच्या अशा सहापैकी पाच रचना अचूक केल्या. त्याच दिवशी वाचनाच्या उताऱ्यात लेखकाने एका नगररचना योजनेची उपरोधाने केलेली स्तुती त्याने खरी स्तुती मानली आणि त्या उताऱ्यावरचे जवळपास सगळे प्रश्न चुकवले. पुनर्रचनेचे ठरावीक साचे पाठ होतात, वाचन पाठ होत नाही. आयएल्ट्स या परदेशी प्रवेशासाठीच्या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेत व्याकरणाची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाच नाही. लेखनाच्या चार निकषांपैकी एक निकष व्याकरणाचा असतो आणि त्याला चतुर्थांश वजन असते. टोफेल या तशाच अमेरिकी परीक्षेनेही २००५ मध्ये इंटरनेटवरची परीक्षा आणताना वाक्यरचनेचा स्वतंत्र विभाग काढून टाकला. प्रगत विद्यार्थ्याचे व्याकरण त्याच्या लेखनातून आणि बोलण्यातूनच तपासावे, असे माझे मत आहे.

मोडीवाचक

पूर्ण असहमत. लेखनातून व्याकरण तपासण्यात एक मोठी गळती आहे. जे येत नाही ते विद्यार्थी लिहीतच नाही! भाषाशास्त्रज्ञ जॅकलिन शाक्टर यांनी १९७४ मध्येच हे दाखवून दिले होते. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या संबंधदर्शक उपवाक्यांत ('हू', 'विच' यांनी जोडलेल्या) फारसी व अरबी भाषकांपेक्षा कमी चुका आढळत होत्या; पण त्याचे कारण असे की त्यांनी ती उपवाक्ये मुळात फारच कमी वापरली होती. चुका मोजणाऱ्याला ते हुशार वाटले असते.

आपल्याकडेही हेच चालते. 'मला ठाऊक असते तर' हे मराठीत सहज बोलणारा माणूस इंग्रजी निबंधात 'हॅड आय नोन' लिहायचे टाळतो आणि दोन छोटी, निर्दोष वाक्ये लिहून मोकळा होतो. परीक्षकाला त्यात खोडण्यासारखे काही सापडत नाही. आयएल्ट्सच्या निकषात रचनांची विविधताही पाहतात हे मला मान्य आहे, परंतु अमुक एक रचना दिसली नाही ती येत नाही म्हणून की गरज पडली नाही म्हणून, हे उत्तरपत्रिकेवरून कळत नाही. पुनर्रचनेचा प्रश्न ही पळवाट बंद करतो. शिवाय केंब्रिजच्या निकालात यूज ऑफ इंग्लिशचा वाटा पाचवा हिस्सा आहे. त्याने वाचनावर अन्याय होतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे.

सांगलीकर मास्तर

कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, म्हणून थोडे जमिनीवरचे सांगतो. बारावीच्या इंग्रजीत लेखी ८० आणि तोंडी २० गुणांची विभागणी आपल्या परिचयाची आहे. 'डू ॲज डायरेक्टेड' खालचे प्रश्नही सर्वांच्या परिचयाचे आहेत: 'टू' काढून 'सो-दॅट' घाला, 'नो सूनर' घालून वाक्य पुन्हा लिहा. एकदा मी वर्गाला मुद्दाम अर्थहीन शब्दांचे वाक्य दिले, 'द ब्लिक वॉज टू ग्रॉम टु टिव'. बहुतेकांनी विनातक्रार 'सो ग्रॉम दॅट इट कुड नॉट टिव' असे लिहून दिले. वाक्य कळले नाही असे म्हणणारे दोघेच निघाले आणि त्यांना मी पूर्ण गुण दिले.

अनुस्वार यांची तक्रार मला पटते, पण त्यांचा रोख चुकीच्या ठिकाणी आहे. दोष वेगळ्या प्रश्नाचा नसून अर्थ न कळताही सुटणाऱ्या प्रश्नाचा आहे. आकलनाचे प्रश्नही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. उताऱ्यात प्रश्नातला शब्द शोधायचा, त्याच्या मागचे-पुढचे वाक्य उतरवून काढायचे. यात आकलन कोठे आले?

(जाता जाता: केंब्रिजची प्रोफिशियन्सी परीक्षा १९१३ मध्ये पहिल्यांदा झाली, तेव्हा तीत व्याकरण, भाषांतर, निबंध, उच्चारशास्त्र असे सगळे मिळून बारा तासांचे काम होते. तीन परीक्षार्थी बसले आणि तिघेही नापास झाले. त्यामानाने आजची मुले सुखात आहेत.)

कोरा समास

मास्तरांचे शेवटून दुसरे वाक्य सोडून बाकी सगळ्याला अनुमोदन. तीन जणांच्या निकालावरून काही ठरत नाही. मूळ मुद्दा मात्र मला वेगळाच दिसतो. प्रगत पातळीवर व्याकरण आणि आकलन यांना वेगळे काढता येते, हे आपण सगळेच गृहीत धरून बोलत आहोत.

'ही नीडन्ट हॅव कम' आणि 'ही डिडन्ट नीड टु कम' ही दोन वाक्ये घ्या. मराठीत दोन्हींचे भाषांतर 'त्याला यायची गरज नव्हती' असे होऊ शकते. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्यातला माणूस आलेला आहे, तो उगीच आला. दुसऱ्या वाक्यातला आला की नाही हे त्या वाक्यावरून नक्की होत नाही. इथे पुनर्रचना करून घेण्यापेक्षा वाक्य एखाद्या परिच्छेदात ठेवून 'तो आला होता का?' एवढेच विचारावे. हा प्रश्न व्याकरणाचाही आहे आणि आकलनाचाही. याउलट 'रिमेम्बर्ड टु लॉक' आणि 'रिमेम्बर्ड लॉकिंग' यांतला फरक मराठीतच आहे: कुलूप लावायचे लक्षात राहिले, आणि कुलूप लावल्याचे आठवले. त्यामुळे तो आपल्या विद्यार्थ्याला चटकन उमगतो. कोणती रचना तपासायला हवी हे शिकणाऱ्याच्या मातृभाषेवरही अवलंबून असते आणि जगभर एकच प्रश्नपत्रिका काढणाऱ्या संस्थेला ते शक्य नसते. वर्गात चाचणी घेणाऱ्या शिक्षकाला शक्य असते.

अनुस्वार, आयएल्ट्सला तुम्ही आदर्श मानता, पण तिथल्या 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन' (विधान उताऱ्यानुसार खरे, खोटे की त्यात सांगितलेलेच नाही) प्रश्नांत किती भाषा तपासली जाते आणि किती तर्कशिस्त? उतारा सांगतो की काही शेतकरी ठिबक सिंचनाकडे वळले. विधान म्हणते की बहुतेक वळले नाहीत. उत्तर 'नॉट गिव्हन'. इंग्रजी उत्तम असलेला, पण स्वतःचे शेतीचे ज्ञान वापरणारा वाचक येथे हमखास चुकतो.

मोडीवाचक

कोरा समास यांचा प्रश्न सुंदर आहे, पण तो ओळखण्याची कसोटी घेतो, घडवण्याची नाही. 'नीडन्ट हॅव' वाचून अर्थ लावणारा माणूस बोलताना ते वापरीलच असे नाही. माझी 'पळवाट' तिथेच राहते.

अनुस्वार

'टाळाटाळी'चा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, हे मान्य करतो. माझ्या विद्यार्थ्यांचे जुने निबंध काढून पाहिले तर मला त्यांत 'हॅड आय' एकदाही सापडला नाही.

पण कोरा समास यांचा प्रश्न मी आज सकाळच्या तुकडीला दिला, एका छोट्या परिच्छेदात घालून. अकरापैकी सात जणांनी 'तो आला नव्हता' असे उत्तर दिले. त्या सातांत तो उपरोध न कळलेला विद्यार्थीही होता आणि गेल्याच आठवड्यात त्याने पुनर्रचनेच्या प्रश्नात 'नीडन्ट हॅव' अगदी अचूक लिहिले होते. मोडीवाचक, त्याने ते घडवले, पण त्याला ते कळले नव्हते. तुमची कसोटी तो उत्तीर्ण झाला होता.

मोडीवाचक

उरलेल्या चौघांनी योग्य उत्तर कशावरून दिले, तेही विचारा. क्रियापदाच्या रूपावरून ओळखले असेल तर गोष्ट वेगळी. परिच्छेदात तो येऊन गेल्याची दुसरी काही खूण राहिली होती का?

अनुस्वार

राहिली होती. पुढच्याच वाक्यात टेबलावर चहाचे दोन रिकामे कप होते. उद्याच्या तुकडीला एक कप काढून देतो.