रानमोडीमुळे नेमकं काय गेलं, हे मोजायचं कसं?

वरकसवाला
आमची वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन राजापूर तालुक्यात, सड्याला (जांभ्याच्या कातळपठाराला) लागून. आजोबांच्या वेळी तिथे नाचणी, वरी व्हायची. माणसं मुंबईला गेली, जमीन पडीक राहिली. आता या गडग्यापासून त्या गडग्यापर्यंत नुसती रानमोडी, हे बाहेरून आलेलं दाट झुडूप, कोयतीशिवाय आत शिरता येत नाही. गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या झाडाप्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या वहीत) तिच्यावरचं पान मला लिहायला दिलंय. किती गुंठ्यांत पसरलीय ते मोजलं, फोटो काढले. पण समितीतल्या एका काकींनी विचारलं, "हिच्यामुळे गेलं काय, ते सांग." करवंदं कमी झालीत असं वाटतं, गुरांना चरायला काही उरलं नाही हे दिसतंच. हे पुराव्यानिशी कसं लिहायचं?

सडेफिरी
दादा, काकींनी नेमकं विचारलंय. पार्कर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली एक साधा हिशेब मांडला होता: परकी वनस्पती किती क्षेत्रावर आहे, तिथे किती दाट आहे आणि एकेका झाडाचा परिणाम किती, या तिन्हींचा गुणाकार. क्षेत्र तुम्ही मोजलंत, दाटीही मोजता येईल. खरं काम तिसऱ्यात आहे.

त्यासाठी शेजारची रानमोडी नसलेली जागा शोधाल. पण ती बेणलेली, म्हणजे झाडोरा कापून साफ केलेली कलमबाग असेल तर घेऊ नका, दोन्हींतला फरक बेणणीचा निघेल. उतार, मातीची खोली, पूर्वीचा वापर, सगळं सारखं हवं. तरीही एक शंका उरतेच. रानमोडी आली म्हणून करवंद गेली, की तोड झाली, वणवा लागला, ऊन पडलं म्हणून करवंद गेली आणि मोकळ्या जागेत रानमोडी शिरली? दोन्ही घडतं. नुसतं पाहून सांगता येत नाही.

म्हणून रानमोडीतच चौकोनांच्या जोड्या आखा. जोडीतल्या एका चौकोनातली मुळासकट उपटा, दुसरा तसाच ठेवा. पुढचे काही पावसाळे दोन्हींत काय उगवतं ते लिहा. गवत आणि बारक्या झाडोऱ्याला एक मीटरची चौकट पुरते, झुडपांना पाच मीटरची घ्या. माझा सगळा भर रोपांवर असतो. ऐन, किंजळ हे मोठे वृक्ष उभे दिसतात म्हणून रान शाबूत वाटतं, आणि खाली त्यांचं एकही रोप नसतं. करवंद, कुडा, ऐन, किंजळ यांची रोपं जातवार मोजा.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २०२० साली परिणामांच्या पाच पायऱ्यांची पद्धत स्वीकारली आहे. स्थानिक झाडांवर काहीच परिणाम दिसला नाही तर सर्वांत खालची पायरी, ती नुसती खुरटली तर दुसरी, एखाद्या जातीची संख्या घटली तर त्यावरची, ती जात त्या जागेवरून गेली तर आणखी वरची, आणि परत येण्याची शक्यताच उरली नाही तर शेवटची. त्यात प्रत्येक नोंदीपुढे खात्री किती, तेही लिहितात. तुम्हीही लिहा. "करवंदं घटली, खात्री कमी" हीसुद्धा कामाची नोंद आहे.

काजूबाग_वेंगुर्ला
एकच सांगतो, पेटवू नका. सुकलेली रानमोडी भडाभडा जळते, आसपासची रोपं मरतात आणि पावसात हिला बुडख्यातून परत धुमारे फुटतात. फुलोरा यायच्या आत, पाऊस संपता संपता उपटा. माती ओली असते, मूळ सुटून येतं. उशीर केलात तर बी वाऱ्यावर जातं.

वरकसवाला
आभार दोघांचेही. ताई, सड्यावर ती थोडीच आहे, रस्त्याच्या कडेने आणि नव्या कलमांभोवती. तेही याच पानावर घेऊ?

सडेफिरी
नको, सड्याचं पान वेगळं करा आणि पावसातच भरा. उन्हाळ्यात गेलात तर उघडा कातळ दिसेल आणि "नुकसान नाही" असं लिहून याल. सड्यावरच्या फुलांपैकी दीपकाडी सुरुवातीच्या पावसात फुलते, सीतेची आसवं आणि गेंद नंतर.

निव्वळ कातळावर रानमोडीला थारा नाही, तिला माती लागते. सुरुंग लावून कलमांसाठी खड्डे पाडले, बाहेरून माती आणून टाकली, की त्या मातीत ती येते. तिथे दीपकाडी दिसली नाही तर दोष आधी सुरुंगाचा आहे, आणि पानावर तसंच लिहा. सड्याचं दुखणं रानमोडीच्या माथी मारलं तर गाव रानमोडी उपटत बसेल आणि सुरुंग चालूच राहतील.

आणि हो, चौकोनांच्या कोपऱ्यांना जांभ्याचे दगड पुरा. लाकडी खुंट्या गुरांच्या पायाखाली जातात.