विकिपीडिया नुसता वाचत राहणे योग्य आहे का?

प्रश्न: सातवीच्या पाठांची तयारी करताना मी मराठी विकिपीडिया जवळजवळ रोज उघडते, परंतु आजवर त्यातली एक वेलांटीही दुरुस्त केलेली नाही, आणि इतरांनी विनामोबदला उपसलेल्या कष्टांवर आपण आयते बसलो आहोत, असे अलीकडे वाटू लागले आहे. हे वाटणे रास्त आहे का?

उत्तर १: ताई, वाचण्यात अपराध नाही. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया वाचला जावा म्हणूनच लिहिला जातो. विहीर उपशाने आटते, लेख वाचल्याने आटत नाही. मात्र त्यातला मजकूर घेऊन आपण टिपणे वाटली, तर विकिपीडियाच्या परवान्यानुसार, म्हणजे मजकूर वापरण्याच्या अटींनुसार, श्रेय द्यावे लागते आणि मजकुरात बदल केला असल्यास तोही त्याच परवान्याखाली खुला ठेवावा लागतो. माझ्या मते खरी चूक होते ती इथे.

उत्तर २: परवाना पाळला की कर्तव्य संपले, हे मला पटत नाही, कारण लेख आटत नसला तरी शिळा होतो. ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही सुधारता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर आमच्या वाडीचा रस्ता ओढ्यापाशीच संपत होता. साकव होऊन दोन पावसाळे उलटले, तरी तो नकाशा रोज वापरणारा मी गप्पच होतो. शेवटी बसलो, तेव्हा पाच मिनिटांत रेष जोडून झाली. सगळ्यांनी लेख लिहावेत असे मुळीच नाही. पण जी चूक आपल्याला दिसते आणि जिची खात्री आपणच देऊ शकतो, ती तशीच सोडू नये.

प्रश्नकर्ती: आमच्या गावच्या लेखात नदीचे नाव चुकले आहे, हे मला गेल्या वर्षीच दिसले होते. जिल्हा गॅझेटियरचा संदर्भ देऊन आज रात्री ते बदलते.