भरावावरची एअर इंडिया इमारत उभी कशी?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
मंत्रालयातील कामासाठी मुंबईस गेलो असता नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत प्रथमच जवळून पाहिली. ती जागा समुद्रात भर घालून केलेली आहे, हे कळल्यापासून एक शंका मनातून जात नाही. आमच्या काळ्या जमिनीतील दोन खोल्यांच्या घराला तिसऱ्याच उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत अशी तिरपी भेग गेली की तीत विळ्याचे पाते शिरते. मग भरावावर १९७४ पासून २३ मजले कसे टिकले?

उत्तर (निवृत्त शाखा अभियंता, वर्धा)
अशा उंच इमारतीचा भार भरावावर टाकतच नाहीत. पाया भराव ओलांडून खालच्या टणक थरापर्यंत नेतात. आपल्याकडे विहीर खणताना काळी माती, मुरूम आणि शेवटी काळा पाषाण लागतो. मुंबईच्या पोटातही बहुतांशी तोच पाषाण आहे.

आपल्या घराचे दुखणे वेगळे आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, आणि दोन खोल्यांचे घर इतके हलके असते की फुगणारी माती त्याला सहज उचलते. यावर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने बुडाशी कांद्यासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब सुचवले. ते साधारण साडेतीन मीटर खोल, जेथे ओल फारशी बदलत नाही तेथवर नेतात.

उत्तर (अमरावती)
एक पुरवणी. याच बॅकबे भरावातील गैरव्यवहार १९२० च्या दशकात चव्हाट्यावर आणणारे खुर्शेद नरिमन, आणि त्या भरावालाच पुढे त्यांचे नाव मिळाले! १२ मार्च १९९३ रोजी या इमारतीच्या पायथ्याशी बॉम्बस्फोट झाला, माणसे दगावली, पण सांगाडा ढळला नाही. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती १,६०१ कोटी रुपयांना घेण्यास मंजुरी दिली. तेव्हा आपली पुढची खेप कदाचित तिथेच होईल.

प्रश्नकर्ता
आमचा पायवा जेमतेम अडीच फूट आहे. आता असे खांब घालता येतील काय?

उत्तर (वर्धा)
उभ्या घराखाली ते काम फार खर्चाचे होते. आधी भिंतीभोवती चार-पाच फूट रुंद, बाहेर उताराची फरसबंदी करावी आणि न्हाणीचे पाणी दूर काढावे. भेग मात्र एक पावसाळा पाहूनच बुजवावी.