ब्रँटफर्डच्या एवढ्याशा एअरपोर्टला तीन रनवे कशाला?

सोलो_सातारकर:
मंडळी, सध्या कॅनडात ऑन्टारियोतल्या ब्रँटफर्डला फ्लाइंग शिकतोय. एअरलाइनचं एकही विमान इथे येत नाही, दिवसभर आम्हा स्टुडंट लोकांचीच घरघर, तरी रनवे तीन आणि वरून बघितलं तर चक्क त्रिकोण! इन्स्ट्रक्टरला विचारलं तर 'महायुद्धातलं आहे' एवढंच बोलून पुढच्या पोराकडे पळाला. कुणाला माहितीये का नीट? आणि तेव्हा आपली पोरं पण इथे यायची का शिकायला?

डकोटा_आजोबा:
अरे तो ट्रेनिंगचाच बेस होता. १७ डिसेंबर १९३९ ला ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांचा करार झाला की पायलट, नेव्हिगेटर, गनर सगळे कॅनडात घडवायचे, कारण इंग्लंडवर जर्मन विमानांची टांगती तलवार, इकडे मात्र सपाट शेतजमीन हवी तेवढी आणि अमेरिका शेजारी. मार्च १९४५ मध्ये हा ट्रेनिंगचा प्लॅन संपला तोवर १,३१,५५३ जण तयार झाले, खायचं काम नाही. ब्रँटफर्डला १९४० च्या शेवटी ५ नंबरचं सर्व्हिस फ्लाइंग ट्रेनिंग स्कूल आलं, १९४४ पर्यंत चाललं. टायगर मॉथ नाहीतर फ्लीट फिंच या शिकाऊ विमानांवर बेसिक झालेली पोरं इथे दोन इंजिनांच्या ॲव्हरो ॲन्सनवर हात बसवायची. सुरुवातीच्या ॲन्सनची चाकं आत घ्यायला हँडल १४० च्या वर वेळा गरागरा फिरवावं लागायचं, आणि ते कुणाच्या गळ्यात पडत असेल हे सांगायला नको 😄

क्रॉसविंड_काकू:
आजोबा, त्रिकोण राहिला की! तेव्हाची विमानं शेपटाला चाक असलेली. त्यांचं वजन मेन चाकांच्या मागे, त्यामुळे लँडिंगला आडवा वारा लागला की शेपूट पुढे यायला बघते आणि विमान गर्रकन फिरतं, त्यात चालवणारा शिकाऊ. म्हणून वाऱ्याच्या तोंडावर उतरायची सोय हवीच. बाळा तुझ्या रनवेचे नंबर बघ, ०५, ११, १७, नंबरला दहाने गुणलं की होकायंत्रावरची दिशा, म्हणजे ५०, ११०, १७० अंश, बरोब्बर साठ-साठचा फरक. दोन्ही टोकं धरली तर सहा दिशा, वारा कुठूनही येऊ दे, ३० अंशांपेक्षा जास्त तिरका लागतच नाही. पुढे नाकाखाली चाक आलं नि ही गरज बरीचशी गेली, कॅनडात अशा कितीतरी ठिकाणी आता एखादाच रनवे वापरात आहे. तुमचे तिन्ही टिकलेत म्हणजे चैन आहे. आणि गावाच्या दक्षिणेला बर्च म्हणून जागा आहे ना, तिथे या स्कूलचं जोडीचं मैदान होतं, एकाच ठिकाणी सर्किटची, म्हणजे टेकऑफ-लँडिंगच्या फेऱ्यांची, गर्दी नको म्हणून.

बेगमपेट_बॉय:
आपल्या पोरांचं उत्तर, इंडियन एअर फोर्सचं ट्रेनिंग मुख्यतः भारतातच व्हायचं. बेसिक बेगमपेट आणि जोधपूरला, पुढचं अंबाल्याला. १९४० मध्ये २४ पायलट गेले ते थेट इंग्लंडला, कॅनडाला नाही. बाकी तू तिथे आहेसच तर हॅमिल्टनचं माउंट होप बघून ये, तोही याच प्लॅनमधला बेस, आता मोठा कार्गो एअरपोर्ट झालाय. तिथल्या म्युझियममध्ये लँकेस्टर बॉम्बर आहे, उडणारे असे जगात दोनच, दुसरा इंग्लंडात.

सोलो_सातारकर:
काकू _/\_ हे ग्राउंड स्कूलला, म्हणजे थिअरीच्या वर्गात, कुणी असं सांगितलंच नाही. माउंट होप पुढच्या वीकेंडला, गाडीवाला मित्र तयार झाला तर.