वेडर नदीवर सॅमन: गळ पाठीला लागला तर मासा सोडायचाच का?

नवशिका_सरी
नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याचा, आता कॅनडात सरीला. आजवर मासा फक्त ताटात पाहिलेला. गेल्या शनिवारी ऑफिसातल्या एकाबरोबर चिलिवॅकला वेडर नदीवर गेलो. काठावर ही गर्दी! तासाभराने माझ्या दोरीला जडशीळ काहीतरी लागलं. दहा मिनिटं ओढाताण करून काठाला आणलं, तर गळ पाठीवरच्या पराजवळ रुतलेला. मी खूश, पण शेजारचे एक गोरे आजोबा ‘सोड, सोड’ म्हणून खेकसले. सोडला. हा नियम आहे की तिथली नुसती रीत? आणि पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटखाली गळ किती खोल ठेवायचा? माझी चार शिसं दगडांत गेली.

कर्ली_ते_वेडर
नियमच आहे. तोंडाशिवाय कुठेही गळ लागलेला सॅमन ठेवता येत नाही, लगेच सोडायचा. आजोबांनी तुमचा दंड वाचवला, पुढच्या वेळी त्यांना कॉफी पाजा.

आता खोली. गळ तळापासून साधारण फूटभर वर वाहायला हवा. फ्लोटचा शेंडा प्रवाहाच्या दिशेने झुकून राहिला की समजा, शिसं तळाला घासतंय. फ्लोट जरा खाली सरकवा. उभा, सुटा वाहत गेला पाहिजे. गळाची शेवटची बारीक दोरी दीड-दोन फूट पुरे. तुमची किती होती? माझा अंदाज, हातभरापेक्षा बरीच लांब. लांब दोरी गर्दीतल्या माशांवरून खरडत जाते आणि मग गळ पाठीत, शेपटीत, कुठेही बसतो.

आमिष म्हणजे गाबोळी. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा बास. कोहो (सॅमनचीच एक जात) पहाटे, उजाडता उजाडता घेतो, आणि इतका हळू की फ्लोट नुसता थबकतो. चम जातीचा असेल तर विचारायला नको, फ्लोट दिसेनासाच होतो. गळ एकच आणि बिनकाट्याचा. काटा असेल तर पक्कडीने दाबून सपाट करा.

मासा हातात आला की आधी पोटाकडे नाही, शेपटीकडे बघा. शेपटीच्या जरा अलीकडे पाठीवर एक छोटा मांसल पर असतो. तो कापलेला आणि जखम भरलेली असेल तर मासा हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात जन्मलेला. वेडरवर असा कोहो ठेवता येतो. पर शाबूत असेल तर तो नदीचा, सोडायचा. हिरड्या काळ्या दिसल्या तर तो चिनूक जातीचा, त्याचा हिशेब वेगळा: ठेवलात तर तिथेच परवान्यावर नोंद करायची.

सोडताना फोटोसाठी वर उचलू नका. हात ओले, मासा पाण्यात, तोंड प्रवाहाकडे. स्वतःहून निसटेपर्यंत नुसता आधार द्यायचा. ठेवायचा असेल तर डोक्यावर एकच नेमका घाव आणि लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्या. दगडावर तडफडत ठेवलेला मासा बघितला की माझं डोकं फिरतं.

मी कुडाळकडचा. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की आमच्या व्हाळातून शेतात चढणीचे मासे यायचे. रात्री बॅटऱ्या, काठ्या, टोपल्या घेऊन सगळी वाडी बाहेर. पोटं गाबोळीने तट्ट फुगलेली. मीही टोपल्या भरल्यात, आवडीने खाल्लेत. त्यांनाही अंडी घालायलाच वर जायचं होतं, हे मला इथे वेडरच्या काठावर उभं राहिल्यावर कळलं. सॅमन तर समुद्रातून परत येतो, अंडी घालतो आणि मरतो. त्याला ही एकच खेप.

फ्रेझरभाऊ
कर्लीकर, फ्रेझर नदीवर सॉकाय सॅमनसाठी लांब दोरी सगळेच टाकतात. गढूळ पाण्यात तो आमिष घेतच नाही. तोंडात लागला की कायदेशीर, मग झालं!

कर्ली_ते_वेडर
कायदेशीर आहे, मान्य. पण भाऊ, ती दोरी माशाच्या उघड्या तोंडातून सरकते आणि गळ बाहेरून आत बसतो. त्याने काही खाल्लेलं नसतं. मी दोन वर्षं तेच केलं आणि ‘घेतला, घेतला’ म्हणून ओरडलोही. आता नाही करत. शिवाय सॉकायचा भरवसा काय? २००९ साली फ्रेझरला जेमतेम १५ लाखांच्या आसपास परतले, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. पुढच्याच वर्षी ३ कोटींच्या घरात. मासेमारी खुली आहे की बंद, हे निघण्याआधी त्याच दिवशी बघायचं.

चिलिवॅकची_माई
परवान्याचं कुणी बोललंच नाही. वेडरला प्रांताचा गोड्या पाण्याचा परवाना लागतो, १ एप्रिल ते ३१ मार्च. सॅमन ठेवायचा तर त्यावर वेगळे पैसे भरायचे. फ्रेझरवर मिशन गावच्या रेल्वे पुलाच्या खालच्या अंगाला, समुद्राकडे मात्र भरतीचं पाणी धरतात, तिथे केंद्राचा परवाना. आमच्या ह्यांनी पहिल्या वर्षी भलताच काढला होता. आणि उथळ खडीत धुऊन काढल्यासारखा उजळ पट्टा दिसला तर त्यात पाय टाकू नका, खाली अंडी असतात. लालभडक झालेला मासा घरी आणू नये, मांस पांढुरकं आणि बेचव. अहो, आणि रावस म्हणजे सॅमन नव्हे. बाजारात काहीही नाव देवोत, आमटीला दोन्ही एकसारखे वागत नाहीत.

नवशिका_सरी
दोरी मोजली. सहा फूट! ऑफिसातल्यानेच बांधून दिली होती. आता दोन फुटांची बांधलीय, शनिवारी पहाटे पाचला निघतोय. माई, गाबोळी विकत घेऊ की मिळालेल्या माशाची मुरवून ठेवू?

चिलिवॅकची_माई
आधी मासा तर मिळू दे. या खेपेला विकतची ने.